कंपायलरची लाल शाई

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. उर्दू माध्यमातून दहावी झालेली, गणितात हुशार, आणि आता एका पॉलिटेक्निकात कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला. घरात इंजिनियरिंगच्या वाटेला गेलेली ती पहिलीच मुलगी. तिसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर तिची अम्मी, म्हणजे माझी धाकटी बहीण, मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाईजान, तुम्ही जरा बोला तिच्याशी. लाईन बदलायची म्हणते. म्हणते माझ्याच्यानं होणार नाही."

मी जाऊन बसलो. लॅपटॉप उघडा होता. पायथनमध्ये लिहिलेला अठरा-वीस ओळींचा प्रोग्राम. पाच मुलींची नावं, त्यांचे गुण, मग बेरीज, मग सरासरी. चालवला की खाली दोनच शब्द येत होते, "इनव्हॅलिड सिंटॅक्स", आणि बाण नवव्या ओळीकडे. नवव्या ओळीत बेरीज होती. ती ओळ तिनं किती वेळा पुसून पुन्हा लिहिली होती कोण जाणे. दरवेळी बाण तिथेच.

"मामू, काय चुकलंय ते सांगत नाही. फक्त चुकलंय म्हणतं."

मला प्रोग्रामिंग येत नव्हतं, आजही फारसं येत नाही. पण अवतरणचिन्ह उघडून बंद न करणारी मुलं मी वीस वर्षं तपासत आलोय. त्यामुळे बाण नवव्या ओळीवर असला तरी माझी नजर आपोआप वर गेली. चौथ्या ओळीत नावांची आणि गुणांची यादी सुरू होताना एक महिरपी कंस उघडला होता. यादी संपली, शेवटी स्वल्पविराम होता, कंस बंद झालाच नव्हता. कॉम्प्युटर बिचारा अजून यादीच वाचत होता. नवव्या ओळीला पोचल्यावर त्याला बरोबरचं चिन्ह दिसलं आणि तो तिथे ओरडला. चूक एकीकडे, ओरडा दुसरीकडे.

कंस बंद केला. प्रोग्राम चालला. भाचीला आनंद व्हायला हवा होता, तिला रडू आलं. "एवढ्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका मुलानं तिच्या लॅपटॉपवर पायथनची नवी आवृत्ती टाकून दिली. तिच्याकडे होती ती ३.९ किंवा त्याआधीची. मी मुद्दाम कंस पुसायला लावला आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवायला सांगितला. या वेळी बाण सरळ चौथ्या ओळीतल्या त्या कंसाकडे, आणि वाक्य असं की हा महिरपी कंस बंदच केला गेला नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१० पासून पायथन असं बोलतं. पायथनच्या मूळ गटातले पाब्लो गालिंदो साल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम मनावर घेतलं. नाव लिहिताना अक्षर चुकलं तर आता "तुम्हाला हे म्हणायचं होतं का?" असंही ते विचारतं.

मुलगी तीच, चूक तीच, प्रोग्राम तोच. फक्त चूक सांगणारं वाक्य बदललं. पहिल्या वाक्यानं ती डिप्लोमा सोडायला निघाली होती. दुसरं वाक्य आधी मिळालं असतं तर तिनं तो कंस अर्ध्या मिनिटात बंद केला असता आणि आमच्या घरी चिवडा खात बसली असती.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. सुट्टीभर तिच्याशेजारी बसून, नंतर तिला फोन करून, मी यातलं जेवढं समजेल तेवढं समजून घेतलं. उर्दू-मराठीच्या शिक्षकानं कंपायलरवर का लिहावं, असं कुणी विचारील. कारण साधं आहे. माझा सगळा जन्म दुसऱ्याच्या चुका दाखवण्यात गेला आहे आणि ते काम किती वाईट करता येतं हे मला आतून माहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात आणण्याचं काम कंपायलर करतो. पायथनच्याही पोटात एक कंपायलर असतोच. त्याला मजकूर समजला नाही की तो अडतो आणि एक संदेश देतो. या संदेशांना इंग्रजीत "डायग्नॉस्टिक" म्हणतात, हे कळलं तेव्हा मला हसू आलं. बीएडला आम्हाला एक पूर्ण घटक होता: नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन. विद्यार्थी नापास झाला हे निदान नव्हे. तो हातच्याच्या वजाबाकीत अडतो, आणि वरच्या अंकात शून्य आलं की हमखास अडतो, हे निदान. पहिलं सांगायला शिक्षक लागत नाही. दुसऱ्यासाठी लागतो. "इनव्हॅलिड सिंटॅक्स" हे निदान नाही, तो निकाल आहे.

आणि या निकालांची परंपरा जुनी आहे. आपल्याकडे ज्यांनी टर्बो सी वर प्रोग्रामिंग शिकलं असेल त्यांना तो निळा पडदा आठवेल. त्यावर "एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड" असा एक संदेश यायचा. त्याचा अर्थ एवढाच की बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे काहीतरी साठवता येईल अशी जागा हवी. तुम्ही तिथे बेरीज लिहून ठेवली आहे, आणि बेरजेत काही ठेवता येत नाही. पण "एल-व्हॅल्यू" हा शब्द कंपायलर बांधणाऱ्यांच्या घरातला. तो अंगणात आलेल्या नवख्या पोरावर फेकायचा, आणि वर म्हणायचं की पोराला समजत नाही! माझ्या एका मित्रानं हा संदेश बघितला की काय करायचं याची युक्ती पाठ करून ठेवली होती. ओळ उलटी लिहायची. का, ते त्याला डिप्लोमा होऊन दहा वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं.

सगळेच असे होते असं नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात साठ-सत्तरच्या दशकांत विद्यार्थ्यांसाठी कंपायलर बांधले गेले. त्यांतला पीएल/सी चूक सापडल्यावर थांबत नसे. आपल्या अंदाजानं ती दुरुस्त करी, काय दुरुस्त केलं ते छापी आणि पुढे जाई. त्या काळी पंच केलेली कार्डं देऊन निकालासाठी वाट बघावी लागायची, त्यामुळे एका फेरीत होतील तेवढ्या चुका दाखवणं ही दयाच होती. पण धंद्याच्या जगात ही दया लवकर पोचली नाही. जीसीसी हा जगभर वापरला जाणारा सी चा कंपायलर. तुमचीच ओळ छापून तिच्याखाली नेमक्या जागी खूण करण्याची सोय त्यात ४.८ या आवृत्तीत, म्हणजे २०१३ साली आली. तोपर्यंत ओळीचा क्रमांक घ्या आणि शोधा. त्याआधी क्लँग नावाच्या प्रतिस्पर्ध्यानं ते करून दाखवलं होतं, आणि जीसीसीला जाग यायला तेही एक कारण झालं असावं.

मग २०१५ मध्ये एल्म या लहानशा भाषेचे कर्ते एव्हान चाप्लिकी यांनी जाहीरपणे म्हटलं की कंपायलरचे संदेश माणसांसाठी असले पाहिजेत. एल्मचा कंपायलर प्रथमपुरुषी बोलतो. या नावाचं काही मला सापडत नाही, ही जवळची नावं बघा, अशा ढंगात. पुढच्याच वर्षी रस्ट या भाषेनं आपल्या संदेशांची मांडणी बदलली आणि एल्मपासून प्रेरणा घेतल्याचं मोकळेपणानं सांगितलं. रस्टचा एक संदेश मी भाचीकडून वाचून घेतला. त्या भाषेत एखादी वस्तू दुसऱ्याला देऊन टाकली की ती पुन्हा तुम्हाला वापरता येत नाही. कुणी वापरली तर संदेशात तीन जागा दाखवतात: वस्तू इथे तयार झाली, इथे तुम्ही ती देऊन टाकली, आणि दिल्यानंतर इथे वापरायला गेलात. खाली मदतीची ओळ, की द्यायच्या आधी एक प्रत करून घेता येईल. शिवाय पुष्कळ चुकांना क्रमांक. तो क्रमांक देऊन विचारलं की उदाहरणासह सविस्तर खुलासा. मी म्हटलं, हा तर वहीत समास सोडून लिहिणारा शिक्षक आहे.

आता माझ्या मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. असे संदेश छापणं वाटतं तितकं सोपं नाही. ओळ उचलायची, तिच्या खाली नेमक्या अक्षरांना अधोरेखा द्यायची, दोन खुणा एकमेकींवर आल्या तर त्या सोडवायच्या, चूक चार ओळींवर पसरली असेल तर कडेनं रेघ ओढायची, रंग द्यायचे, दोन वेगळ्या फायलींतल्या जागा एकत्र दाखवायच्या. प्रत्येक नवी भाषा बनवणाऱ्यानं हे पुन्हा पुन्हा करायचं म्हटलं तर तो दमतो आणि "इनव्हॅलिड सिंटॅक्स" लिहून मोकळा होतो. म्हणून हे काम वेगळं काढून त्याच्या तयार लायब्ररी झाल्या आहेत. रस्टच्या जगातच कोडस्पॅन-रिपोर्टिंग, अ‍ॅनोटेट-स्निपेट्स, एरियाड्नी, मिएट अशा चार तरी आहेत. एरियाड्नी हे ग्रीक कथेतल्या राजकन्येचं नाव. भुलभुलैयातून परत येण्यासाठी तिनं नायकाला दोरा दिला होता. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. मिएटमध्ये एक गोष्ट मला सगळ्यांत आवडली. ज्यांना दिसत नाही, जे स्क्रीन रीडरवर ऐकून किंवा ब्रेलवर बोट फिरवून काम करतात, त्यांच्यासाठी ती बाण आणि चौकटी काढून टाकते आणि तोच संदेश सरळ वाक्यांत देते. बाण बघता येतो हे गृहीत धरायचं नाही, हा विचार कुणाच्या तरी मनात आला हे मला मोठं वाटतं.

या लायब्ररी वापरणाऱ्याला काही रकाने भरायला देतात. मुख्य वाक्य काय? कुठे? तिथे काय लिहायचं? आणखी कुठे बघायचं? टीप? मदत? रकाना समोर असला की माणसाला तो भरावासा वाटतो, आमच्या शाळेतल्या नोंदपत्रकांचा हा अनुभव आहे. एरवी ज्यानं "मदत" लिहायचा विचारही केला नसता तो दोन शब्द लिहितो. हा लायब्ररीचा खरा उपकार, रंग आणि रेघा त्यानंतर.

पण याच ठिकाणी माझी तक्रारही आहे. नोंदपत्रकाचा दुसराही अनुभव आम्हाला आहे. रकाना भरला जातो, "प्रगती समाधानकारक". सुंदर रंगीत चौकटीत, नेमक्या खुणेखाली, "अनपेक्षित टोकन" असं छापलेलं असलं तर त्या चौकटीचा उपयोग काय? टोकन म्हणजे काय ते तिला माहीत नाही. कुणाला अपेक्षित नव्हतं तेही माहीत नाही. लायब्ररी जागा दाखवते, वाक्य लिहीत नाही. वाक्य माणसालाच लिहावं लागतं, आणि ते लिहिणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याला ते कधी अडलेलं नसतं.

हे केवळ माझं म्हणणं नाही. गिओम मार्सो, कॅथी फिस्लर आणि श्रीराम कृष्णमूर्ती यांनी रॅकेटच्या शिकण्यासाठीच्या भाषांवर काम करताना २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं. रॅकेटचे संदेश आधीच नवख्यांसाठी काळजीपूर्वक लिहिलेले होते. तरी मुलांना त्यांतले नेहमीचे शब्द कळत नव्हते, आणि रंगवून दाखवलेल्या तुकड्याचा अर्थ ती "इथेच बदल कर" असा घेत होती. माझ्या भाचीनं नववी ओळ पुसली ती त्याच न्यायानं. आणि जे म्हणतात की संदेश कुणी वाचतच नाही, त्यांच्यासाठी टायटस बारिक आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे. त्यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली. लोक संदेश वाचतात. कामाच्या एकूण वेळेतला १३ ते २५ टक्के वेळ त्यात जातो, आणि ते वाचणं प्रोग्राम वाचण्याइतकंच अवघड पडतं. म्हणजे "मुलं वाचत नाहीत" ही आपली शिक्षकांची लाडकी तक्रार इथेही खोटी निघाली.

उर्दूत या कामाला एक देखणा शब्द आहे, इस्लाह. शागिर्दानं शेर लिहायचा, उस्तादानं सुधारायचा. मिर्झा गालिब आणि मुन्शी हरगोपाल तफ्ता यांचं नातं बहुतेकांना माहीत असेल. तफ्ता आपलं फारसी काव्य टपालानं पाठवत, गालिब टपालानं इस्लाह करून परत पाठवत. ती पत्रं छापून आलेली आहेत. त्यांत काय दिसतं? हा शब्द इथे का चालत नाही, जाणकारांनी तो कसा वापरला आहे, त्याजागी काय ठेवावं. कधी रागावणंही आहे, थट्टा तर पानोपानी. पण राग असला तरी कारण सोडलेलं नाही. जागा, कारण, पर्याय. रस्टचा संदेश आणि गालिबचं पत्र यांची बरोबरी कुणाला आगाऊपणा वाटेल, वाटू दे. मला तर नुसता "ग़लत" असा शेरा मारून वही फेकणारे उस्तादही भेटलेत, आणि मी स्वतः कित्येक संध्याकाळी साठ वह्यांच्या ढिगापुढे तसाच झालो आहे. खोटं कशाला बोलू.

अर्धविराम राहिला म्हणून सगळा प्रोग्राम अडतो याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला नाही. उर्दूत एक नुक्ता वरचा खाली गेला की ख़ुदाचा जुदा होतो, हे आमच्याकडे पहिलीच्या पोराला सांगतात. चूक एवढीशी असते हे खरंच. म्हणूनच तर ती दाखवणाऱ्याला नजर लागते.

आता भाषेचा प्रश्न. माझी भाची दहावीपर्यंत उर्दूतून शिकली, मराठी चांगली बोलते-लिहिते, इंग्रजी तिला परीक्षेपुरतं येतं. तिला आधी इंग्रजी वाक्य उलगडायचं, मग त्यातला प्रोग्रामिंगचा शब्द, मग आपली चूक. तीन कुलपं. यातलं पहिलं कुलूप तरी काढता येणार नाही का? यात नवं काही नाही. ग्रेस हॉपर यांनी १९५० च्या दशकात इंग्रजी शब्दांनी चालणारा कंपायलर वरिष्ठांना दाखवताना त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मनमध्येही चालवून दाखवल्या. मशीनला काय, कुठलाही शब्द सारखाच, हे त्यांना पटवायचं होतं. वरिष्ठ खूश होण्याऐवजी बिथरले. अमेरिकेत बनलेल्या मशीनला फ्रेंच कशी समजेल! ही हकिकत हॉपर यांनीच पुढे सांगितली.

जीसीसीचे संदेश आज जर्मन, फ्रेंच, जपानी, चिनी अशा भाषांत मिळतात, स्वयंसेवकांनी केलेले. रस्टनं २०२२ मध्ये आपले संदेश भाषांतर करता येतील अशा रीतीनं वेगळे काढायला सुरुवात केली. रॅमझी नासर यांनी क़ल्ब नावाची पूर्णपणे अरबीत लिहायची भाषा बांधली आणि जगभरची साधनं अरबी अक्षरं पाहून कशी कोलमडतात हे दाखवून दिलं. नेदरलँड्समधल्या फेलिएन हेर्मान्स यांनी २०२० मध्ये मुलांसाठी हेडी ही भाषा सुरू केली. तीत पायरी-पायरीनं नियम वाढत जातात, आणि आज्ञासुद्धा अरबी, हिंदीसह अनेक भाषांत देता येतात.

पण मराठीत करताना एक धोका मला समोर दिसतो. आपण "इनव्हॅलिड सिंटॅक्स" चं "अवैध वाक्यविन्यास" करू आणि समाधानानं बसू. माझ्या भाचीसाठी "अवैध" म्हणजे बेकायदेशीर बांधकाम. शासकीय पत्रकाच्या मराठीत लिहिलेला संदेश इंग्रजीपेक्षा जवळचा नसतो, फक्त त्याची लिपी ओळखीची असते. उर्दूचंही तेच, तिथे अरबी-फारसीचे जडजवाहीर शब्द येऊन बसतील. "चौथ्या ओळीत उघडलेला कंस बंद केलेला नाही." एवढं पुरे. हे वाक्य सातवीच्या मुलीला समजतं आणि त्यात खोटं काही नाही.

दुसरी अडचण मला भाचीमुळे कळली आणि ती मोठी गमतीची आहे. संदेशातली अधोरेखा शब्दाखाली बरोबर यायची तर शब्द किती लांब आहे हे लायब्ररीला मोजावं लागतं. "विद्यार्थी" हा शब्द घ्या. आपण म्हणू तीन अक्षरं: वि, द्या, र्थी. युनिकोडच्या हिशेबात ते दहा भाग होतात, कारण वेलांटी वेगळी, पाय मोडण्याची खूण वेगळी, काना वेगळा. आणि साठवताना लागणाऱ्या बाइट मोजल्या तर तीस. तीन, दहा की तीस? इंग्रजीत हे तिन्ही आकडे बहुधा एकच येतात, म्हणून तिथल्या माणसाला हा प्रश्न पडतही नाही. कुणी बाइट मोजून रेघ ओढली तर आपली खूण शब्द सोडून पार पुढे जाते. चांगल्या लायब्ररी अक्षराची रुंदी बघून मोजतात, तरी जोडाक्षरं पडद्यावर किती जागा घेतील हे फॉन्ट आणि टर्मिनल ठरवतं, आणि बाण थोडा सरकतोच. उर्दूत तर ओळच उजवीकडून सुरू होते. तिथे बाणाला बिचाऱ्याला दिशाच कळत नाही. चूक एका शब्दात आणि बोट दुसऱ्या शब्दाकडे! नवव्या ओळीची गोष्ट पुन्हा तीच. प्रोग्रामच्या मजकुरात आपली अक्षरं येणारच नाहीत असं कुणी म्हणू नये. पायथनमध्ये आणि २०२१ पासून रस्टमध्येही नावं देवनागरीत ठेवता येतात, आणि अवतरणातला मजकूर तर नेहमीच आपल्या भाषेतला असू शकतो. हे दुरुस्त करायला मराठी आणि उर्दू वाचता येणारी, प्रोग्राम लिहिणारी मुलं लागतील. बाहेरचा माणूस ते करणार नाही, कारण त्याला ते दिसतच नाही.

भाचीनं लाईन बदलली नाही. या उन्हाळ्यात आली तेव्हा मी तिला एक काम दिलं. आमच्या शाळेत निकालपत्रकाची फाईल तयार करताना दरवर्षी गोंधळ होतो. एका रकान्यात मुलाचं नाव उर्दूत, दुसऱ्यात मराठीत, मग विषयवार गुण. कुठेतरी पन्नासपैकी पंच्याहत्तर पडतात, कुठे रकाना रिकामा राहतो, आणि फाईल पुढे पाठवली की "त्रुटी आढळली" एवढा एक निरोप येतो. कुठे, ते नाही. मग दोन शिक्षक मिळून चारशे ओळी बोटानं तपासतात. मी म्हटलं, ही फाईल आधी आपणच तपासणारं काहीतरी बनव, पण संदेश मी लिहीन.

त्या संदेशांवरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी प्रोग्रामवरून झाली नाहीत. तिनं लिहिलं होतं, "चुकीचे गुण". मी म्हटलं गुण चुकीचे आहेत हे तुला कसं माहीत? तुला एवढंच माहीत आहे की ते पन्नासपेक्षा जास्त आहेत. तर तेवढंच म्हण: "ओळ ४७: मराठीचे गुण ७५ लिहिले आहेत, पण हा पेपर ५० गुणांचा आहे." कदाचित पेपर ७५ चाच असेल आणि वर ५० चुकून लिहिलं असेल, म्हणून दुसरी खूण वरच्या ओळीवर, जिथे ५० लिहिलंय तिथे. ही दुसरी खूण तिची कल्पना. मला सुचली नव्हती.

रिकाम्या रकान्यावर मात्र आम्ही अडलो. तिचं म्हणणं, "गुण भरा" एवढं पुरे. मी म्हटलं, नाही. घाईत असलेला शिक्षक हे वाचून तिथे शून्य टाकील, आणि जे पोर त्या दिवशी तापानं घरी होतं ते नापास होईल. म्हणून सध्या तिथे असं येतं: "हा रकाना रिकामा आहे. विद्यार्थी गैरहजर असेल तर 'गै' लिहा. शून्य गुण मिळाले असतील तरच ० लिहा." भाची म्हणते फार लांब झालं, कुणी वाचणार नाही. ऑक्टोबरात पहिलं सत्र संपेल तेव्हा आमचे क्लार्कसाहेब ही फाईल भरतील. ते वाचतात की नाही, हे मी त्यांच्यामागे उभा राहून बघणार आहे.